बहात्तर रेघा

प्लास्टिकची पिशवी हातात आली की माझी आत्या ती आधी कानाशी न्यायची. मुठीत चुरगाळायची, डोळे बारीक करायची आणि निकाल द्यायची. "ही करकरते. पायपुसण्यात जाईल." नाहीतर, "ही मऊ आहे, उशीला ठेव." दुकानदारानं साखर बांधून दिली तर ती साखरेकडं बघायचीच नाही. वजनात मारलं तरी एक वेळ चालायचं, पण फाटकी पिशवी दिली तर तिथल्या तिथं परत. गल्लीत तिला पिशवीबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ फिरली की. पण पाठ फिरली तरी आत्याचे कान शाबूत असायचे.

हल्ली मोठमोठ्या दुकानांत काचेआड टाकाऊ प्लास्टिकचे पडदे, गालिचे, उशांचे अभ्रे टांगलेले असतात. शेजारी पाटी आणि पाटीवर पृथ्वीचं चित्र. परवा अशाच एका दुकानातली मुलगी मला समजावत होती की बघा, ह्या एका बसकरात साठ पिशव्या आहेत. मी म्हटलं, "साठ कशा असतील? ह्या विणीत चाळिसाच्या वर जात नाहीत." ती बिचारी पुन्हा पाटी वाचायला लागली. मला उगाचच जिंकल्यासारखं वाटलं आणि मग घरी येईपर्यंत आत्याची आठवण काही पाठ सोडेना. बोलून दाखवावं असं घरात कोणी राहिलेलं नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. हातमागाच्या एका शेडमध्ये ती विणकर होती, आणि त्याच शेडमध्ये माग दुरुस्त करणारे ते माझे आतोबा. आत्याचा माग इतरांच्या मागांपेक्षा जास्त वेळा बिघडायचा आणि तो कोण बिघडवतं हे सगळ्या शेडला माहीत होतं, असं आतोबा मला सांगायचे. आत्या लगेच म्हणायची, "उचलली जीभ, लावली टाळ्याला." पण नाही म्हणायची नाही.

पुढं शेड बंद पडली आणि माग भंगारात निघाले. आतोबांनी त्यातला एक पाच फुटी माग खोलला, तुकड्यातुकड्यानं हातगाडीवरून घरी आणला आणि बाहेरच्या खोलीत पुन्हा उभा केला. खोलीत माग, एक पलंग आणि मधून एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी वाट राहिली. बाकीचं सामान स्वयंपाकघरात गेलं. मी अकरा वर्षांची असताना शाळेसाठी त्यांच्याकडं राहायला आले, तेव्हा मला वाटायचं, हे घर मागाचं आहे आणि आम्ही तिघं त्याच्याकडं भाड्यानं राहतो.

मागाला सूत मात्र मिळेना. वर्षभर तो नुसता उभा होता. त्याच्या दांड्यांवर आमचे टॉवेल वाळायचे आणि आत्या जातायेता त्याच्याकडं न बघता जायची. मग एकदा गल्लीतली गटार तुंबली. घाण पाणी पायऱ्यांपर्यंत आलं. साफ करायला यायचा तो माणूस येईना, शेजारीपाजारी नाकं दाबून एकमेकांना सल्ले देत उभे. आत्याचा राग नाकावर. तिनं बाह्या सरसावल्या, काठी घेतली आणि गटारीत उतरली. आतून निघाला तो सगळा पिशव्यांचा बोळा. पाणी धो-धो वाहून गेलं, लोकांनी शाबासकी दिली आणि दारं लावून घेतली. ढीग राहिला आमच्या दाराशी.

कचऱ्याची गाडी यायला आठवडा होता. डोळ्यासमोर घाण बघवेना म्हणून आत्यानं त्या पिशव्या धुतल्या. धुतल्या म्हणून वाळत घातल्या. वाळल्यावर मात्र तिला त्या टाकवेनात. "धुतलेली वस्तू टाकायची कशी गं?" असं तिनं मला विचारलं, जणू टाका म्हणून मीच हट्ट धरला होता.

एका दुपारी मी शाळेतून आले तर माग चालू होता. जुना ताणा, म्हणजे उभे सुती धागे, त्यावर अजून चढवलेलेच होते. आत्यानं पिशव्यांच्या पट्ट्या कापून सुताच्या जागी आडव्या घालायला सुरुवात केली होती. आतोबा दारात येऊन थबकले.

"हे काय लावलंयस?"

"हाताला काम लावलंय."

ते वाकून बघत राहिले. पांढरं, निळं, पांढरं, असं हातभर कापड झालं होतं. मग आत गेले आणि मोठी कात्री घेऊन आले. पुढच्या आठ दिवसांत त्यांनी लाकूड कोरून रुंद पोटाचा नवा धोटा, म्हणजे आडवा धागा या काठाहून त्या काठाला नेणारी होडी, तयार केला. नेहमीच्या धोट्यात सुताची कांडी बसते, पट्टीचं भेंडोळं बसत नाही. गल्ली आधी हसली. वळणीवर ओळीनं पिशव्या दिसल्या की समोरच्या काकू विचारायच्या, "आज सगळ्या दुकानांची धुणी तुमच्याकडंच का?" पण वर्षाच्या आत त्याच काकूंच्या दारात आमचं पायपुसणं होतं. ओलं झालं की झटकायचं, मळलं की नळाखाली धरायचं, आणि काही केल्या झिजायचं नाही. विक्रीच्या पैशांत ताण्यापुरतं सूतही येऊ लागलं.

कापायचं काम माझ्याकडं आलं. पिशवी सपाट करायची, वरचे कान आणि खालची शिवण उडवायची, मग आडव्या पट्ट्या कापायच्या. पिशवी गोल असल्यामुळं प्रत्येक पट्टीची बांगडी होते. बांगडीत बांगडी अडकवून ओढली की लांब दोरी तयार. पायपुसण्याला बोटभर रुंद, पलंगपोसाला अर्ध्या बोटाची, आणि मध्ये सुताचे दोन धागे, म्हणजे कापड मऊ पडतं. मी घाईनं ओढायची आणि पट्टी ताणून पातळ व्हायची. मग आत्या ओरडायची, "कार्टे, शेपूट आहे का ते कुणाचं?" दुधाच्या पिशव्या तीन पाण्यांनी धुवायच्या, हा घरातला सर्वांत कडक नियम. एकदा मी दोन पाण्यांतच आटोपलं आणि एका गिऱ्हाइकाच्या उशीला उन्हाळ्यात आंबूस वास सुटला. तेव्हापासून मी कानाला खडा लावला.

आता काळ्या रेघेबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या रेघेवरूनच झालं.

शेडमध्ये एक पद्धत होती. पाळी संपली की विणकरानं वेगळ्या रंगाचा एक धागा घालायचा, म्हणजे आज किती विणलं ते मुकादम टेप लावून मोजणार. शेड गेली, मुकादम गेला, पण आत्याची सवय गेली नाही. दिवसाचं विणणं थांबलं की ती रंगीत पट्टी तोडायची, उजव्या काठाला तिची बारीक गाठ मारून आत दडपायची आणि वर काळ्या पिशवीच्या पट्टीची एक रेघ घालायची. उद्याचं काम रेघेच्या पुढं. त्यामुळं तिच्या प्रत्येक कापडात काळ्या रेघा असत आणि त्यांच्यातलं अंतर कधीच सारखं नसे. मला ताप आला तो दिवस दोन बोटांचा. पाहुणे आले तो एका बोटाचा. आतोबा चिडवायचे, "अगं, आता कोण मोजणार आहे? मुकादम मेला."

"तुम्ही व्हा मुकादम."

"मग पुरे आजचं. मुकादमाला भूक लागलीय."

पुढं शिक्षण झालं, मला एका कार्यालयात नोकरी लागली आणि आधी वर्षभर प्रशिक्षणासाठी दुसऱ्या शहरात जावं लागलं. त्याच वर्षी आतोबा आजारी पडले. आत्याच्या पत्रांत असायचं, "ह्यांना जरा कणकण आहे, तू अभ्यास कर." मी खरंच अभ्यास केला. नव्या मैत्रिणी होत्या, नवं शहर होतं, पत्र लिहायला बसायचं राहून जायचं. मी पोचले तेव्हा पलंग रिकामा होता आणि त्यावरची गादी उन्हात टाकलेली होती. हे मी कधी कुणाला नीट सांगितलेलं नाही. 

प्रशिक्षण संपवून मी त्याच गावात नोकरीला आले आणि आत्याजवळ राहू लागले. ती विणत होती, पूर्वीपेक्षा जास्तच. संध्याकाळी मी कामावरून यायची तर ही मागावर. दिवेलागण व्हायची, पट्टीचा रंग दिसेनासा व्हायचा, तरी उठायची नाही. डोळ्यांतून पाणी यायचं, मान अवघडायची. मी ओरडायची, "आत्या, डोळे फोडून घेशील!" ती म्हणायची, "हं," आणि धोटा पुन्हा सुटायचा. पालथ्या घड्यावर पाणी. हिच्या हट्टाला औषध नाही, असं म्हणून मी चहा ठेवायला जायची.

अशी दोन वर्षं गेली. मग एक दिवस घरसजावटीच्या मोठ्या दुकानाची मालकीण आमच्या दारात आली. कुणाकडं तरी तिनं आत्याचं बसकर पाहिलं होतं. चांगली बाई होती, मागाजवळ अर्धा तास बसून तिनं सगळं समजून घेतलं. शेवटी म्हणाली, "मला पलंगपोस हवेत, पडदे हवेत. तुमच्या नावाची पाटी लावून काचेत टांगीन. आधी एखादा मोठा नमुना द्या. फक्त ह्या काळ्या रेघा नकोत. डाग वाटतात."

"रेघ नसली तर दिवस कसा कळायचा?" आत्या म्हणाली.

मालकीण हसली. "गिऱ्हाइकाला दिवस कळून काय करायचंय?"

आत्यानं सांगितलं की मोठा नमुना आपल्याकडं नाही. मी तिच्याकडं बघतच राहिले. आतल्या ट्रंकेत, जुन्या शालींच्या खाली, घडी घालून ठेवलेला आख्खा पलंगपोस होता. हिवाळ्याचे कपडे काढताना मी तो पाहिला होता. इतका सुंदर तुकडा तिनं दुसरा विणला नसेल. पिवळा, हिरवा, पांढरा, मधूनच विटकरी, रंगाशेजारी रंग असे बसवलेले की बघत राहावं. मला वाटलं, लाजते आहे. ताकाला जाऊन भांडं लपवते आहे.

त्याच आठवड्यात आत्या सहा दिवसांसाठी माझ्या धाकट्या आत्याकडं गेली. घरात मी एकटी, शनिवार-रविवार सुट्टी. मी ट्रंक उघडली.

माझ्या मनात काय होतं ते सांगते, नंतरची सारवासारव म्हणून नाही. आत्याचं नाव काचेत लागावं असं मला वाटत होतं. पिशवीबाई म्हणणाऱ्या सगळ्या गल्लीनं ते थांबून वाचावं असं वाटत होतं. शिवाय एक वर्ष मी तिच्या उपयोगी पडले नव्हते, ते कुठंतरी फिटेल असंही वाटत होतं. पलंगपोस मी जमिनीवर पसरला आणि काळ्या रेघा काढायला बसले. डाव्या काठाला पट्टी तोडायची, उजवीकडून पकडीनं धरून हळूहळू ओढायची. आत्यानंच शिकवलं होतं, घाईनं ओढलं तर ताणते. रेघ निघाली की मोकळी जागा दातेरी काट्यानं ठोकून बुजवायची. एका टोकाला रेघा चार-चार बोटांवर होत्या, मग दोन बोटांवर आल्या, पुढं अगदी बोटा-बोटावर, त्यामुळं काम काही सरेना. शेवटी वीतभर कापड बिनरेघेचं होतं. मी मनात म्हटलं, बरं झालं, इथं तरी मेहनत वाचली.

रविवारी संध्याकाळपर्यंत बहात्तर रेघा निघाल्या. काढलेल्या पट्ट्या मी उशीच्या जुन्या अभ्र्यात भरून ठेवल्या, कारण आमच्या घरात काही टाकायची पद्धत नव्हती. सोमवारी पलंगपोस दुकानात दिला. मालकिणीनं तो दोन्ही हातांवर घेतला आणि म्हणाली, "आता कसा दिसतो बघा!" बुधवारी तिची चिठ्ठी आली. नमुना पसंत आहे, काचेत लावला आहे, आत्यांना घेऊन या, पुढचं ठरवू.

आत्या गुरुवारी परत आली. तिनं चपला काढायच्या आधी मी चिठ्ठी तिच्या हातात दिली.

"कुठला नमुना?" तिनं विचारलं.

"अगं, तो ट्रंकेतला. पण रेघा काढल्या मी सगळ्या. ओळखूसुद्धा येत नाही!"

आत्या आत गेली. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. मी गेले तर ती शालींवर हात ठेवून बसली होती. मी काहीबाही बोलत सुटले, दुकान किती मोठं आहे, काच केवढी आहे. ती माझ्याकडं बघत होती आणि तिला माझं ऐकू येत नव्हतं. जेवली नाही. मागावरही बसली नाही. मला वाटलं, न विचारता घेतला म्हणून रागावली असेल, उद्या निवळेल.

सकाळी तिनं विचारलं, "पट्ट्या टाकल्यास?"

"ह्या घरात कोण काय टाकतं?" मी अभ्रा आणून दिला. तिनं त्यात हात घातला, मूठभर काळ्या पट्ट्या बाहेर काढल्या आणि पुन्हा आत सोडल्या.

"पट्ट्या आहेत गं सगळ्या. पण जागा गेल्या ना."

मग ती बोलली. तो पलंगपोस आतोबांच्या आजारपणातला होता. ते पलंगावर, ती मागावर. उठता येत नव्हतं, पण हात चालत होते, तेव्हा पिशव्या कानाशी धरून, रंग जुळवून ते पट्ट्या कापून द्यायचे. कुठल्या रंगाशेजारी कुठला ते त्यांचंच. आणि दिवस संपला हेही तेच ठरवायचे. दमले की म्हणायचे, "पुरे आता, रेघ मार." मग ती रेघ मारायची, धोटा ठेवायची आणि त्यांच्याजवळ जाऊन बसायची. सुरुवातीला ते उशिरा दमायचे. नंतर लवकर लवकर दमायला लागले.

"तेवढे दिवस होते ते," आत्या म्हणाली. "एवढेच होते माझ्याकडं. लिहून कुठं ठेवणार? मला असलं कापडावरच लिहिता येतं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी असं करून ठेवलं होतं. मी रडले, पाया पडले, आणि तेही मला पुरेना. आत्या म्हणाली, "रडून काय रेघा उमटणार आहेत? चल, दुकान दाखव."

पलंगपोस काचेत टांगला होता, मागून दिवा सोडला होता, आणि खरं सांगायचं तर देखणा दिसत होता. एकसारखा, गुळगुळीत, कुणाचाही असू शकेल असा. मालकीण उत्साहानं पुढं आली. आत्यानं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं चष्मा काढून माझ्या हातात दिला, कापडाचा उजवा काठ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला आणि डोळे मिटून वरून खाली सरकू लागली. चार बोटांवर थांबली. पुन्हा सरकली. पुन्हा थांबली. दुकानातली माणसं बघायला लागली होती. मी शरमेनं अर्धी झाले होते.

"आहेत," ती एकदम म्हणाली. "गाठी आहेत! अगं, गाठी तू काढल्याच नाहीस!"

रोज संध्याकाळी रंगीत पट्टी तोडून काठाला मारलेली ती गाठ. आत दडपलेली, डोळ्यांना न दिसणारी. मी फक्त काळं शोधत होते, म्हणून त्या जशाच्या तशा राहिल्या होत्या. माझ्या अडाणीपणाचा आयुष्यात तेवढाच एक उपयोग झाला.

मालकिणीला काय कळायचं ते कळलं असावं. तिनं वाद न घालता पलंगपोस उतरवून दिला. घडी घालताना मात्र म्हणाली, "बिनरेघांचा दुसरा विणून द्याल का?"

"विणीन की," आत्या म्हणाली, "पण थांबायचं कधी ते सांगायला रोज संध्याकाळी तुम्हाला यावं लागेल." मालकीण कसनुसं हसली. पुढं तिनं सहा बसकरं नेली, रेघांसकट, आणि काचेतली पाटी काही लागली नाही. मला त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही.

घरी आल्यावर आत्यानं पलंगपोस माझ्या मांडीवर टाकला आणि वर दाभण ठेवलं. "तू काढल्यास, तू घाल."

रोज कामावरून आले की मी बसायची. आत्या काठावरून बोट फिरवून गाठ सापडवायची, मी तिथली वीण दाभणानं सैल करून काळी पट्टी ओवत जायची, एक धागा वर, एक खाली, पाच फूट. दिवसाला दोन रेघा व्हायच्या, फार तर तीन. आणि प्रत्येक रेघेला आत्या त्या दिवसाचं सांगायची. मी विचारलं नव्हतं. गाठ हाताला लागली की तिला आठवायचंच.

"हा पिवळा बघ. केळीवाल्याच्या पिशवीचा. ह्यांना तो हिरव्याशेजारी हवा होता, मला नको. दुपारभर भांडलो. ऐकलं मी शेवटी."

"आज डॉक्टर येऊन गेले. ह्यांनी डॉक्टरांचीच पिशवी मागून घेतली. कोरी होती गं, औषधं खिशात घालून गेला बिचारा."

"हा एकाच बोटाचा. चिडले होते. कात्री धरवेना. पट्टी वाकडी कापली गेली तर म्हणाले, फेक ती. मी नाही फेकली. ही काय, ही वाकडी."

मी पाहिलं. पट्टी एका टोकाला बोटभर आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याएवढी होती. रेघा ओढून काढताना ह्याच पट्टीला मी मनात नावं ठेवली होती.

एका रेघेला आत्या थांबली. आजूबाजूचे दिवस दोन बोटांचे होते आणि हा मधेच चार बोटांचा. "तुझं पत्र आलं तो दिवस," ती म्हणाली. "दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, आज दम नाही लागत, विण अजून."

पुढं अशी चार बोटं पुन्हा कुठं येतात का ते मी बघत गेले. आली नाहीत. त्या अडीच महिन्यांत मी एकच पत्र लिहिलं होतं. आत्या त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि बोलली असती तर मला बरं वाटलं असतं. पण एक झालं, मी हजर नव्हते ते दिवस एकेक करून माझ्या हाताखालून गेले. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ते कशाला हसले, कशावर चिडले, चहा कधी अर्धा ठेवला, हे मला आज पाठ आहे. ते मला त्या बहात्तर रेघांनी दिलं.

पाचव्या आठवड्यात अभ्रा रिकामा झाला. शेवटची रेघ घातली आणि दाभण ठेवलं, तर पुढं ते वीतभर बिनरेघेचं कापड उरलं. हिरवा, पांढरा, हिरवा. मी अभ्रा उलटा करून झटकला.

"आत्या, पट्टी संपली. इथली एक रेघ माझ्याकडून हरवली का?"

"नाही."

"मग इथं शेवटी रेघ कशी नाही?"

आत्या त्या हिरव्यावरून हात फिरवत राहिली. "सकाळी रंग काढून दिले. म्हणाले, आज माझ्याकडं बघत बसू नकोस, विण. मागाचा आवाज चालू असला की मला झोप लागते. पलंग माझ्या पाठीशी. मी विणत बसले. दुपार झाली. मनात आलं, आज हे पुरे कसे म्हणत नाहीत? मग वाटलं, डोळा लागलाय, लागू दे. कधी नव्हे ते आज दमले नाहीत. मला बरंच वाटत होतं गं. इतकं विणलं, इतकं विणलं. अंधार पडला, पट्टी दिसेना, तेव्हा उठले." तिनं कापडाची चुणी सरळ केली. "डॉक्टर म्हणाले, दुपारीच गेलेत."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "त्या दिवशी पुरे म्हणायला कोणी नव्हतंच. म्हणून रेघ नाही. ते तसंच राहू दे."

तो पलंगपोस आज माझ्या पलंगावर आहे. रंग तसेच आहेत, हिरवासुद्धा. आत्या त्यानंतर अकरा वर्षं विणत होती.

ती शेवटची रेघ घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तेव्हा नेहमीसारखा धोट्याचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. दार उघडलं. आत्या मागावर वाकलेली, डोळ्यांतून पाणी, खोलीतला उजेड जेमतेम उरलेला. डोळे फोडून घेशील, हे नेहमीचं वाक्य माझ्या तोंडात आलंच होतं. पण मी ते गिळलं, पिशवी खाली ठेवली आणि तिच्या पाठीशी, पलंगावर जाऊन बसले.

"पुरे आता," मी म्हटलं. "रेघ मार."

धोटा मधेच थांबला. तिनं मागं वळून बघितलं नाही. नुसती म्हणाली, "अजून उजेड आहे की."

"मुकादमाशी वाद घालायचा नाही."

तिनं रंगीत पट्टी तोडली, उजव्या काठाला गाठ मारली, आत दडपली आणि काळी पट्टी उचलली. मग उठून माझ्याजवळ येऊन बसली.